डोळ्यावरच्या खोक्याची मोजणी

खोकं घरात आलं तेव्हा मोजणीसाहेबांनी आधी ते बाहेरून मोजलं. चौदा इंच लांब, नऊ रुंद, साडेसहा उंच. मग लेकीला विचारलं, यात आहे काय. हा त्यांचा क्रम ठरलेला. चौतीस वर्षं जमीनमोजणी खात्यात काढलेला माणूस. आत काय पिकतं ते नंतर, आधी चतुःसीमा.

लेक म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे एक काम होतं."

या वाक्यावर मोजणीसाहेबांची बायको हातातलं विणकाम थांबवून बघायला लागली. कारण लेकीने बापाला शेवटचं काम सांगितलं होतं सहा वर्षांपूर्वी, एक भाड्याची जागा बघायला चला म्हणून. मोजणीसाहेब गेले, त्यांनी टेपचं एक टोक मालकाच्या म्हाताऱ्या आईच्या हातात दिलं आणि दिवाणखाना सांगितल्यापेक्षा सात इंच आखूड असल्याचं मालकाच्या आईकरवीच सिद्ध केलं. मोजणी निर्दोष होती. जागा गेली. तेव्हापासून लेक आपली कामं परस्पर उरकायची आणि उरकल्यावर कळवायची. खेळघर काढलं तेही तिने उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळवलं होतं.

हे खेळघर मागच्या रस्त्यावर होतं, पूर्वी चपलांचं दुकान होतं तिथे. आठ पडदे, आठ खुर्च्या. दिवसभर नोकरी करणारी माणसं संध्याकाळी येत, दोन तास व्हिडिओ गेम खेळत, एकमेकांचा उद्धार करत आणि हलकी होऊन घरी जात. मोजणीसाहेब याबद्दल बाहेर सांगताना "तिचं संगणकाचं आहे" असं म्हणत, आणि असं म्हणत की समोरच्याने पुढे विचारू नये.

पण वर्षभरात खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या होत्या. लोकांनी घरीच यंत्रं घेतली. अशात एका विक्रेत्याने लेकीला व्हर्च्युअल रिॲलिटीचा एक हेडसेट दहा दिवसांसाठी वापरून बघायला दिला. खोक्यासारखा जाड चष्माच तो. डोळ्यांवर चढवायचा, की समोरची भिंत जाऊन तिथे डोंगर येतो, मागे वळलं की मागेही डोंगर. पसंत पडला तर चार घ्यायचे. अडचण अशी, की हे प्रकरण उभं राहून, हात फिरवत खेळायचं असतं. चार जणांना हात फिरवायला जागा करायची तर आठांतल्या सहा खुर्च्या उचलाव्या लागणार.

"खेळणाऱ्यांनी हे उचलून धरलं तर माझं दुकान तरेल," लेक म्हणाली. "आणि मी खुर्च्या काढून बसले आणि त्यांना हे आवडलंच नाही, तर जे येतात तेही जातील. मग दुकान बंदच. तुम्ही मला दोन गोष्टी मोजून द्या बाबा. एका माणसाला जागा किती लागते, आणि हे खेळणाऱ्यांच्यात चालेल की नाही."

दुसरी गोष्ट मोजता येते का, असं बायकोने मधेच विचारलं. मोजणीसाहेब म्हणाले, हद्द नीट ठरवली की जगात काहीही मोजता येतं. हे बोलताना त्यांची पाठ निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पूर्ण सरळ झालेली बायकोने पाहिली. इंचभर तरी उंची वाढली असेल. पण ती त्यांनी मोजली नाही, यावरून त्यांच्या मनाची अवस्था ओळखावी.

इमारतीला बातमी कळायला एक सकाळ पुरली. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर मुद्दाम खाली आले आणि त्या चष्म्याच्या पट्ट्याचा ताण कानामागून जबड्यावर येऊन अक्कलदाढा हलतात असं सांगून गेले. मोजणीसाहेबांना अक्कलदाढा नव्हत्या, त्या याच डॉक्टरांनी काढल्या होत्या. पण सल्ला मनापासून होता. इमारतीच्या सचिव म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या बाई. त्यांनी चक्कर येण्यावरच्या गोळ्यांची पट्टी पाठवली आणि निरोप दिला, एक आधी, एक नंतर, आणि घेतली की नाही हे आठवत नसेल तर एक तेव्हा. सल्ला दिला नाही तो फक्त समोरच्या दारातल्या ऑडिटरांनी. तेही निवृत्त. त्यांनी दार अर्धं उघडून एवढंच विचारलं, की वस्तू ताब्यात घेताना पोच दिली का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोजणीसाहेबांनी खोकं उघडलं. त्यांची समजूत अशी, की डोळ्यावर चढवलं की डोंगर. पण यंत्राने आधी फोनच्या पडद्यावर नाव मागितलं, मग जन्मतारीख, मग फोनवर आलेला आकडा, मग आवाज ऐकण्याची परवानगी, मग खोली बघण्याची परवानगी. मोजणीसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून अर्ज भरून घेतले होते. अर्जाच्या या बाजूला बसल्यावर किती उकडतं हे त्यांना प्रथमच कळलं. शेवटी यंत्राने त्यांना ते माणूस असल्याचा पुरावा मागितला. नऊ चौकोन दाखवून, ज्यात ज्यात वाहतुकीचा सिग्नल आहे ते चौकोन निवडा, असं सांगितलं.

तीन चौकोनांत सरळसरळ दिवे होते. चौथ्यात फक्त खांब. खांब सिग्नलचाच, पण दिवा नाही. आता खांब हा सिग्नलचा भाग की रस्त्याचा? मोजणीसाहेबांनी पंधरा मिनिटं विचार केला आणि खांब उभारण्याचा खर्च सिग्नलखालीच पडत असणार या तत्त्वावर चौथा चौकोन धरला. यंत्राने त्यांना माणूस मानायला नकार दिला. असं पाचदा झालं. सहाव्या वेळी बायकोने हातातलं काम न सोडता त्यांच्या खांद्यावरून तीन चौकोन दाबले आणि मोजणीसाहेब तिच्या कृपेने मनुष्यकोटीत दाखल झाले.

मात्र यानंतर यंत्राने जे विचारलं, त्याने सगळा अपमान धुऊन निघाला. ते म्हणालं, खेळण्यापूर्वी आपली हद्द आखा.

चष्म्याबरोबर आलेली कांडी हातात घेऊन जमिनीकडे धरून फिरवली की चष्म्यातून जमिनीवर निळी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे तुमची हद्द. खेळताना तिच्या जवळ गेलात की जाळी दिसते आणि तुम्ही थांबता. आत राहाल तोवर तुम्ही सुरक्षित, असं यंत्राचं म्हणणं. दुसरा कोणीही असता तर त्याने सोफा आणि टेबल यांच्यामधल्या मोकळ्या जागेत एक गोल काढला असता आणि मोकळा झाला असता. मोजणीसाहेबांनी कपाटातून घराचा मंजूर नकाशा काढला.

मंजूर नकाशात सोफा नव्हता. त्यामुळे रेघ सोफ्याखालून गेली.

"अहो, तिथे सोफा आहे," बायको म्हणाली.

"सोफा जंगम मालमत्ता आहे. त्याने हद्दीला बाध येत नाही."

"पायाला येतो."

पायाची तरतूद नकाशात नव्हती. रेघ पुढे सरकत दाराशी आली, आणि इथे मोजणीसाहेबांनी एक खोल श्वास घेतला. त्यांचं दार आणि ऑडिटरांचं दार यांच्यामध्ये सहा फूट बाय पाच फुटांची मोकळी जागा होती. नकाशाप्रमाणे अर्धी यांची, अर्धी त्यांची. तिथे ऑडिटरांनी एक चपलांचं कपाट ठेवलं होतं, आणि त्याचा डावा मागचा पाय चार इंचांनी मोजणीसाहेबांच्या अर्ध्यात येत होता. यावर अकरा वर्षं पत्रव्यवहार चालू होता. ऑडिटरांची प्रत्येक पत्रावर एकच हरकत, की मोजणी हितसंबंधी व्यक्तीने केलेली आहे. मोजणीसाहेबांनी दार सताड उघडलं, कांडी बाहेर काढली आणि बरोब्बर मध्यावरून, कपाटाचा तो पाय आत घेऊन रेघ ओढली. यंत्राने ती एका क्षणात मान्य केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा एका त्रयस्थाने ती हद्द कबूल केली होती. मोजणीसाहेबांनी चष्मा वर करून बायकोला वेळ लिहून ठेवायला सांगितली. दार अर्थातच उघडंच ठेवलं. हद्दीच्या मधोमध दार लावून घेणं म्हणजे हक्क सोडल्यासारखं झालं असतं.

लेकीने त्यात चार-पाच खेळ भरून दिले होते. मोजणीसाहेबांनी मेंढ्यांचा निवडला, कारण त्याला कुंपण होतं. हिरव्या डोंगरावर पन्नास मेंढ्या उधळलेल्या असतात. हात पसरून, हाकून त्या सगळ्या कुंपणात घालायच्या. कानांत वारा, घंटा, बें बें. पाच मिनिटांत मोजणीसाहेबांना कानावर इमारत येईना आणि डोळ्यांना घर दिसेना. सोफ्याला दोनदा गुडघा लागला, तो त्यांनी डोंगरातला खडक समजून सोडून दिला. त्यांनी एकोणपन्नास मेंढ्या आत घातल्या आणि नियमाप्रमाणे मोजल्या. एक कमी. ती वर, कड्याच्या बाजूला उभी होती. कडा हद्दीत होता. मोजणीसाहेब निघाले.

त्याच वेळी समोरच्या घरात एक घटना घडत होती. ऑडिटर डोक्याला फेस लावून आंघोळ करत असताना नळ गेला होता. दोन मिनिटं वाट पाहून, टॉवेल गुंडाळून, पाणी फक्त आपलंच गेलं की सगळ्यांचं, हे विचारायला त्यांनी दार उघडलं. पुढचं त्यांनी तक्रारीत विस्ताराने लिहिलं आहे. मोजणीसाहेबांच्या बाजूने पाहिलं तर इतकंच झालं, की कड्यावर चपलांचं कपाट आडवं झाल्याचा आवाज आला आणि मेंढी हाताला लागली. ती गरम होती, ओली होती आणि धडपडत होती. विज्ञान कुठपर्यंत आलंय याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. त्यांनी तिला मानेला धरलं, "चल, आत हो" असं प्रेमाने म्हणत ढकलत आणलं आणि खाली दाबून बसवलं.

"पन्नास," ते म्हणाले.

चष्मा काढला तेव्हा सोफ्यावर ऑडिटर बसलेले होते. एका हातात टॉवेलची गाठ, डोक्यावर फेस. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने विचारलं, "चहा घेणार?"

ऑडिटर म्हणाले, डोळ्यांत साबण जातोय.

तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवबाईंच्या दुकानात पोचली. चार पानं, तीन जोडपत्रं, मुद्द्यांना क्रमांक. राहत्या घराच्या उंबऱ्यावरून अंगबळाने नेण्यात आलं, हा मुद्दा क्रमांक दोन. मेंढी समजून मोजण्यात आलं, मुद्दा तीन. मुद्दा चार असा, की तक्रारदाराची मोजणी शेवटच्या क्रमांकावर करण्यात आली. सामाईक जागेत काल्पनिक रेघ कोणाच्या अधिकाराने ओढली, हा सातवा. मोजणीसाहेबांनी तक्रार वाचून परत केली. ते म्हणाले, कशाबद्दलही बोला, पण रेघेला काल्पनिक म्हणू नका.

सचिवबाईंनी समितीची सभा बोलावली. समिती सात जणांची. तिने ठराव केला की जागेवर जाऊन पाहणी करावी. पाहणीत मुद्दा निघाला, की आरोपीला त्या वेळी काय दिसत होतं हे बघितल्याशिवाय निर्णय कसा देणार. तेव्हा सातही सदस्यांनी ते खोकं पाळीपाळीने डोळ्यांवर चढवावं असं ठरलं. बायकोने सोफा भिंतीला सरकवला, दार लावून घेतलं आणि मोकळ्या जागेत नवा गोल मारला. पाहणीचा भाग म्हणून मोजणीसाहेबांनी तो सहन केला.

पहिले दाताचे डॉक्टर. त्यांना लेकीने फोनवर सांगितल्याप्रमाणे समुद्रकिनारा लावून दिला. रोज पंचवीस माणसांची उघडी तोंडं बघणारा माणूस सहा मिनिटं समुद्राकडे बघत गप्प उभा राहिला. चष्मा काढल्यावर त्यांनी फक्त विचारलं, की पाहणी उद्याही आहे का. सचिवबाई फुग्यात बसून बर्फाच्या डोंगरावरून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा तास आधी बंद करून परत आल्या. तक्रारीचा विषय कोणीच काढेना. समितीच्या सदस्यांचे घरचे आले, घरच्यांचे पाहुणे आले. त्याच मजल्यावरच्या आजी, ज्यांनी गुडघ्यांमुळे चार वर्षांत जिना बघितला नव्हता, त्या भिंतीला धरून आल्या आणि चंद्रावर गेल्या. धरायला काही कठडा आहे का, असं त्यांनी एकदाच विचारलं. नंतर विचारलं नाही. परत आल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "फार काही नाही गं तिथे. पण चालता येतं."

मोजणीसाहेब कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. नाव, वय, किती मिनिटं, शेरा, पसंत की नापसंत. तीन दिवस संपले तेव्हा एकूण एकतीस माणसांची नोंद झाली होती. पसंत तेवीस, नापसंत आठ. आठांतल्या तिघांना चक्कर आली, दोघांचा नेहमीचा चष्मा आत मावेना, एका बाईंची केशरचना मोडली, एकाला आपण चंद्रावर असताना इकडे खिसा कोण बघणार ही काळजी, आणि आठवे ऑडिटर. त्यांनी खोकं डोळ्यांना लावलं नाही, नापसंती लेखी कळवली.

तेवीस विरुद्ध आठ. मोजणीसाहेबांनी ड्रॉइंगच्या कागदावर खेळघराचा नकाशा काढला. सात बाय सातचे चार चौकोन, मधून दोन फुटांची वाट, दिशा दाखवणारा बाण. पक्क्या शाईत. खाली टीप लिहिली: सदर हद्दी रोज सकाळी जाणकार व्यक्तीकडून तपासून घ्याव्या लागतील. जाणकार व्यक्ती कोण, ते लिहिलं नाही. बायकोने टीप वाचली. दुपारी त्यांचे ऑफिसचे दोन जुने शर्ट तिने बाहेर काढून इस्त्री केले आणि एकाचं सुटलेलं बटण लावलं.

त्याच संध्याकाळी ऑडिटर आले. समितीने तक्रार गिळली असली तरी तक्रारदार या नात्याने नोंदी पाहण्याचा आपला हक्क आहे, असं म्हणाले. मोजणीसाहेबांनी वही पुढे केली. आयुष्यात त्यांनी नोंद कोणापासून लपवली नव्हती. ऑडिटर लाल पेन्सिल घेऊन तासभर बसले. बेरीज तीनदा केली. ती बरोबर निघाली तेव्हा थोडे खट्टू दिसले. मग पेन्सिल एका रकान्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "लेकीने तुम्हाला काय मोजायला सांगितलं होतं?"

"खेळणाऱ्यांना हे आवडतं का."

"मग यात खेळणारे किती?"

"एकतीस."

"एकतीस माणसं आहेत. खेळणारे किती?"

मोजणीसाहेबांनी वही आपल्याकडे वळवली आणि वयाचा रकाना बघितला.

"सरासरी वय त्रेसष्ट," ऑडिटर म्हणाले. "हे खेळणारे नाहीत, साहेब. हे आपण आहोत."

ऑडिटर गेल्यावर तासभर मोजणीसाहेब बायकोला त्या माणसाच्या स्वभावाविषयी सांगत होते. अकरा वर्षांची पत्रं निघाली, कपाटाचा पाय निघाला, एकदा जिन्यातला दिवा कोणी बदलायचा यावरून झालेलं निघालं. बायको ऐकत होती. सांगून संपलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तो शाईचा नकाशा पुढ्यात ओढला.

"मोजणी बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "शेत दुसऱ्याचं मोजलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खोकं काखेत घेऊन खेळघरात गेले. उद्घाटनानंतर प्रथमच. लेकीने त्यांना दाराजवळ एक स्टूल दिलं. त्यांनी वही, पेन्सिल आणि घड्याळ मांडीवर घेतलं.

सहा वाजता मंडळी यायला लागली. एक बँकेतली रोखपाल, जी दिवसभर काचेमागून गोड आवाजात पुढच्याला बोलावते आणि इथे जिला सगळे कमांडर म्हणतात. एक इस्पितळातली नर्स. ती मागून येऊन न बोलता मारते, म्हणून तिला मुकी म्हणतात. एक प्रयोगशाळेत काम करणारा गलेलठ्ठ माणूस, तो रोज हरतो आणि रोज आपल्या खुर्चीला दोष देतो. त्याचं नाव खुर्चीच पडलेलं. आणखी चार-पाच जण. लेकीने सगळ्यांना खोकं चढवून दिलं. कमांडर सात मिनिटं. मुकी चार. खुर्ची नऊ, त्यातली दोन पट्टा सैल करण्यात. एकूण एक माणूस खोकं काढल्यावर "भारी आहे" म्हणाला. मग कपाळाचा घाम पुसला. मग जाऊन आपल्या जागेवर बसला.

लेकीचा चेहरा प्रत्येक "भारी"ला उजळत होता. मोजणीसाहेबांनी मात्र वहीत एक नवा रकाना आखला: पुन्हा मागितलं का.

तीन संध्याकाळी ते त्या स्टुलावर बसले. एकोणीस खेळणारे झाले. एकोणीसच्या एकोणीस म्हणाले भारी. पुन्हा मागणारा एक निघाला, आणि चौकशीअंती तो पंखा दुरुस्त करायला आलेला मिस्त्री ठरला. मोजणीसाहेबांनी त्याला वगळलं. राहिले अठरा. मागणी शून्य.

कारणंही विचारली. मुकी म्हणाली, "काका, इस्पितळात दिवसभर उभीच असते हो मी. इथे बसायला येते." खुर्ची म्हणाला, त्यात चिप्स खाता येत नाहीत, पाकीट सापडतच नाही. कमांडरने आपल्या शेजारच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मी याला हरवलं, तर याचं तोंड बघायला नको का मला? त्याच्यासाठीच तर हरवते."

मोजणीसाहेबांनी मग तेही मोजलं. घड्याळ लावून तासभर कमांडरवर नजर ठेवली. एका तासात तिने शेजारच्यांकडे एक्केचाळीस वेळा मान वळवली. सतरा वेळा चिडवायला, नऊ वेळा चिप्ससाठी, बाकी उगाच. खोकं चढवल्यावर शून्य. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली. मधल्या दोन खुर्च्या सोडून सगळे कसेबसे वाकून एकमेकांकडे सरकलेले असत. त्यांनी टेप काढला. खुर्चीपासून खुर्ची चार फूट. टेपचं दुसरं टोक खुर्ची नावाच्या गृहस्थानेच धरलं.

दुसरा अहवाल त्यांनी स्वतः समोरच्या दारात नेऊन दिला. ऑडिटरांनी त्यावर दोन तास घालवले, एका ठिकाणी बेरजेत एकाची चूक काढली, आणि खाली लिहिलं: तपासले, योग्य आहे. सही केली. तक्रार मागे घेणार का, असं मोजणीसाहेबांनी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. ती दोन वेगळी प्रकरणं होती.

दहावा दिवस उजाडला. लेक सकाळी घरी आली ती सुताराला सांगूनच. दुपारी तो खुर्च्या सोडवायला येणार होता. तिच्या डोळ्यांत चार खोकी आधीच मांडून झालेली दिसत होती. टेबलावर तो शाईचा नकाशा होता. तिने तो उचलला, बाण बघितला, अक्षर बघितलं, खालची टीप वाचली, आणि म्हणाली, की रोज सकाळी तुम्ही आलात तर मला फार बरं होईल बाबा.

हे वाक्य ऐकण्यासाठी मोजणीसाहेब सहा वर्षं थांबले होते, आणि ते अशा दिवशी आलं होतं.

"घेऊ नकोस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्याकडे येतात त्यांच्यात हे चालणार नाही. अठरापैकी शून्य."

लेक वाद घालायला लागली. सगळे भारी म्हणाले ते तिने स्वतः ऐकलं होतं. आईने फोनवर सांगितलं होतं की अख्खी इमारत रांग लावते, आजी चंद्रावर जाऊन आल्या. मोजणीसाहेब म्हणाले, आजी तुझ्या दुकानात येणार नाहीत; तीन पायऱ्या आहेत, सात-सात इंचांच्या.

"मग हे कधीच चालणार नाही? कुठेच?"

"ते मला सांगता यायचं नाही. जगाची मोजणी माझ्याकडे नव्हती, तुझ्या आठ खुर्च्यांची होती." त्यांनी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. "तुला वाटतं लोक तिथे खेळायला येतात. खेळायला त्यांना घर आहे. ते शेजारी बसायला येतात. डोळ्यावर खोकं चढवलं की शेजारीच जातो. सुतार येऊ दे. पण खुर्च्या काढायला नको, जवळ आणायला. चार फुटांवर आहेत त्या अडीचवर आण. कोपराला कोपर लागलं पाहिजे. त्याच जागेत आणखी दोन बसतील."

लेकीने वही वाचली. एक्केचाळीस वेळा मान वळवल्याची नोंद दोनदा वाचली. मग तिने शाईच्या नकाशाकडे पाहिलं, खालच्या टिपेकडे पाहिलं, आणि बापाच्या अंगातल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. तिने सुताराला फोन करून, येताना टेप आणू नकोस, इथे आहे, एवढंच सांगितलं.

विक्रेता संध्याकाळी खोकं न्यायला खेळघरात आला, तेव्हा तिथे दहा खुर्च्या दाटीवाटीने लागलेल्या होत्या, नवव्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलंही होतं, आणि खुर्ची नावाचा गृहस्थ कमांडरचं कोपर लागल्यामुळेच आपण हरलो असं सगळ्यांना पटवत होता. मोजणीसाहेबांनी खोकं मोजून परत केलं. चौदा, नऊ, साडेसहा. पोच घेतली. विक्रेता मनाला लावून घेणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, सहा महिन्यांत याच्या निम्म्या वजनाचं येतंय, त्यात शेजारचा माणूसही दिसतो म्हणतात, तेव्हा बघा.

तो गेल्यावर लेक बापाकडे वळली. "म्हणजे तेव्हा पुन्हा सगळं मोजावं लागणार," ती म्हणाली. "माझ्याच्याने ते होणार नाही. तुम्हाला जमेल ना बाबा?"

"बघावं लागेल," मोजणीसाहेब म्हणाले.

त्यांनी खिशातून डायरी काढली. सहा महिन्यांनंतरची पानं उघडली. ती कोरी होती. त्याच्या आधीची कोरी होती, त्याच्या पुढचीही. कोणाला दिसू नये म्हणून डायरी छातीशी धरून ते एकेक पान सावकाश, बोटाला थुंकी लावून उलटत राहिले. एका ठिकाणी थांबून त्यांनी मान हलवली, जणू तो दिवस कठीण होता. आणखी दोन पानं पुढे गेले.

"जमवू," ते म्हणाले, आणि पेन्सिल काढून पहिल्याच कोऱ्या पानावर लिहून ठेवलं.